चलनात न आलेल्या छोट्या नोटा: युद्धकाळातील चाचणी-नमुने कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या संग्रहात छोट्या मूल्यांच्या काही नोटा सापडल्या आहेत. त्यांतल्या काही एकाच बाजूने छापलेल्या आहेत, काहींवर अनुक्रमांकाच्या जागी नुसती शून्ये आहेत, दोन-तीन नोटांना सहीच्या जागी भोके पाडलेली आहेत आणि मागे पेन्सिलीची टिपणे आहेत. युद्धामुळे नाण्यांची टंचाई झाली तेव्हा या नोटा तयार झाल्या असाव्यात असा विचारणाऱ्याचा अंदाज आहे. अशा नोटा का आखल्या जात, त्यांतल्या इतक्या चलनात का आल्या नाहीत आणि हातातला कागद नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे कसे ठरवायचे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. कागदी चलनाच्या संग्रहांची सूची करणे आणि नमुने तपासणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम असल्याने उत्तर थोडे लांबेल.

अशी नोट हातात आली की बहुतेक जण चित्राकडे पाहतात: कोणाचा चेहरा आहे, नक्षी कोणत्या धाटणीची आहे, रंग कोणता आहे. माझा सल्ला असा की चित्र शेवटी पाहावे आणि आधी त्या काळातला धातूचा भाव पाहावा. टंचाईच्या नोटेचा आराखडा तयार होतो तो नाण्याचा धातू हाताबाहेर गेल्यामुळे, आणि तो बाजूला पडतो तोही बहुतेक वेळा धातूचा प्रश्न दुसऱ्या मार्गाने सुटल्यामुळेच. आराखडा वाईट होता म्हणून नोट निघाली नाही, असे उदाहरण मला फार क्वचित दिसले आहे.

युद्धात नाणी दिसेनाशी होण्याची कारणे दोन. पहिल्यात नाण्यातल्या धातूचा बाजारभाव नाण्याच्या दर्शनी मूल्याच्या वर जातो, आणि मग नाणे खर्च करण्यापेक्षा दडवून ठेवणे किंवा वितळवणे फायद्याचे ठरते. दुसऱ्यात धातूची किंमत नाण्याच्या मूल्यापेक्षा कितीतरी कमीच असते, परंतु तांबे आणि निकेल दारूगोळ्याकडे वळवले जातात, टांकसाळी मागणीला पुऱ्या पडत नाहीत आणि लोक धास्तीने चिल्लर घरात साठवू लागतात. पहिल्या प्रकारच्या टंचाईत चांदीची नाणी जातात आणि दुसऱ्या प्रकारात पैसा, सेंट, कोपेक अशी अगदी तळाची नाणी जातात. आराखड्यावर कोणते मूल्य छापले आहे एवढ्यावरूनच तो कोणत्या टंचाईतून आला आहे याचा निम्मा अंदाज बांधता येतो.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण पहिल्या महायुद्धातले आहे, आणि ते समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. भारतातल्या चांदीच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन (ग्रेन हे वजनाचे जुने, अगदी बारीक माप) होते आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. रुपयाचा विनिमय दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्स, धरला, तर लंडनच्या बाजारात प्रमाणित (९२.५ टक्के शुद्ध) चांदीचा भाव औंसाला सुमारे ४३ पेन्सच्या वर गेला की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग होते. ब्रिटनमध्ये मात्र एक औंस प्रमाणित चांदीतून ६६ पेन्सची नाणी पाडली जात, म्हणून शिलिंगच्या बाबतीत हीच मर्यादा ६६ पेन्सची होती. ऑगस्ट १९१७ मध्ये चांदीने ४३ पेन्सची रेघ ओलांडली आणि सप्टेंबरमध्ये भाव ५५ पेन्सपर्यंत गेला. ६६ पेन्सची रेघ मात्र १९१९ च्या उत्तरार्धापर्यंत ओलांडली गेली नाही.

या दोन आकड्यांमधल्या अंतरातच दोन देशांच्या नोटांचा इतिहास सामावलेला आहे. भारतात सरकारला थांबायला वेळ नव्हता. विनिमय दर चढवला गेला, चांदीची नाणी चलनाखेरीज इतर कामाला वापरणे बेकायदा ठरवले गेले, आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी १ रुपयाची नोट निघाली. तिच्या पाठोपाठ २ जानेवारी १९१८ रोजी २ रुपये ८ आण्यांची नोट आली. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास ५ शिलिंग, अडीच शिलिंग आणि १ शिलिंग अशा नोटांची तयारी झाली, पण त्या तयारीतच राहिल्या. फेब्रुवारी १९२० मध्ये चांदी ८९ पेन्सच्या वर जाऊन आली आणि त्याच वर्षी कायदा करून चांदीच्या नाण्यांतील शुद्ध चांदीचे प्रमाण ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणले गेले. नाणेच स्वस्त झाल्यावर शिलिंगच्या नोटेची गरज उरली नाही. म्हणून त्या ब्रिटिश नोटा आज केवळ नमुन्यांच्या आणि मोजक्या उरलेल्या प्रतींच्या रूपात भेटतात, तर त्याच काळातली भारतीय १ रुपयाची नोट वापरून मळलेल्या अवस्थेत भेटते.

भारतीय नोटेच्या आराखड्यातही ही निकड उमटलेली दिसते. १ रुपयाच्या नोटेवर पंचम जॉर्जचे छायाचित्र किंवा कोरीव चित्र न घेता रुपयाच्या नाण्याचीच प्रतिमा छापली गेली. हा निर्णय माझ्या मते त्या आराखड्यातला सर्वांत शहाणा भाग आहे. चांदीच्या रुपयाखेरीज कशावरही विश्वास नसलेल्या माणसाच्या हातात कागद द्यायचा होता. त्याला अक्षर वाचता येत नसले तरी नाण्याचे चित्र ओळखता येत होते. मागच्या बाजूला आठ भारतीय भाषांमध्ये मूल्य लिहिले गेले, तेही याच कारणासाठी. त्या नोटा २५-२५ च्या पुस्तिकांमध्ये बांधून दिल्या जात, त्यामुळे सुट्या नोटेची डावी कडा फाडल्यासारखी दिसते. ती कडा पाहून नोट खराब आहे असे समजणारे विक्रेते मी पाहिले आहेत. खरे तर ती नोट पुस्तिकेतून निघाल्याची खूण आहे, आणि डावी कडा कात्रीने कापल्यासारखी सरळ असेल तर उलट चौकशी करावी.

२ रुपये ८ आणे हे मूल्य आजच्या वाचकाला विचित्र वाटते. तोवर सर्वांत लहान नोट ५ रुपयांची होती. तिचा निम्मा म्हणजे अडीच रुपये. पाच, अडीच, एक अशी उतरंड व्यवहारात सोयीची आहे, आणि एक-एक रुपयाच्या पाच नोटांऐवजी दोनच कागद छापावे लागतात. तरीही १९१८ च्या पूर्वार्धात चांदीचा सरकारी साठा धोकादायक पातळीपर्यंत उतरला, नोटा वटवून रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली आणि काही भागांत छोट्या नोटांवर बट्टा पडू लागला. अखेरीस सुटका केली ती धातूनेच: २३ एप्रिल १९१८ च्या अमेरिकी पिटमन कायद्यामुळे अमेरिकेच्या खजिन्यातले चांदीचे डॉलर वितळवून भारताला २० कोटी औंस चांदी मिळाली. १ जानेवारी १९२६ पासून १ रुपयाच्या आणि २ रुपये ८ आण्यांच्या नोटा काढणे बंद झाले, आणि कारण दिले गेले ते खर्चाचे.

छोट्या नोटेच्या प्रत्येक आराखड्यामागे हा खर्चाचा मुद्दा असतो. शंभर रुपयांची नोट आणि एक रुपयाची नोट छापायला लागणारा कागद, शाई, ठसा आणि मजुरी यांत फार फरक नसतो, पण छोटी नोट दिवसातून अनेक हातांतून जाते, घाम, तेल आणि पाणी पिते आणि काही महिन्यांत बदलून द्यावी लागते. नाणे तीस-चाळीस वर्षे चालते. त्यामुळे आखणाऱ्यापुढे एकमेकांविरुद्ध ओढणाऱ्या मागण्या असतात: नोट स्वस्त असावी, लवकर तयार व्हावी, सहज ओळखू यावी, आणि तरीही बनावट करणाऱ्याला परवडू नये. चाचणी-नमुन्यांची, म्हणजे आराखडा पक्का होण्याआधी काढून पाहिलेल्या छपायांची, मालिका ओळीने मांडली की यांतली कोणती मागणी कोणत्या टप्प्यावर सोडून दिली गेली ते उघड दिसते. बहुरंगी नक्षी आधी जाते, मग मागची बाजू जाते, मग अनुक्रमांक जातो, आणि हाताची सही तर सुरुवातीलाच छापील सहीला जागा करून देते. हाँगकाँगमध्ये युद्धाच्या टंचाईत १९४१ साली सुरू झालेली १ सेंटची नोट पुढे दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात मागून पूर्ण कोरी छापली जात होती आणि ती १९९५ पर्यंत टिकली. एका सेंटसाठी मागची बाजू छापणे कोणालाच परवडणारे नव्हते.

चाचणी-नमुन्यांचा अभ्यास करायचा असेल तर अमेरिकी यादवी युद्धाइतके समृद्ध क्षेत्र दुसरे नाही, म्हणून तिथे थोडे थांबतो. डिसेंबर १८६१ च्या अखेरीस बँकांनी सोन्या-चांदीत रक्कम देणे थांबवले, फेब्रुवारी १८६२ मध्ये कायदेशीर कागदी डॉलर आले, आणि उन्हाळ्यापर्यंत चांदीची सगळी चिल्लर बाजारातून नाहीशी झाली. लोक टपाल तिकिटे मोड म्हणून देऊ लागले. १७ जुलै १८६२ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली, पण तिकिटांचा गोंद हाताला आणि एकमेकांना चिकटत होता. जॉन गॉल्ट नावाच्या उद्योजकाने तिकीट पितळी चकतीत अभ्रकाखाली बसवण्याचे पेटंट घेतले, मात्र ती चकती स्वतःच महाग पडत होती. सरकारी खजिनदार फ्रान्सिस स्पिनर यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी अर्थखात्याच्या कागदाच्या तुकड्यांवर तिकिटे चिकटवून नमुने तयार केले, आणि टंचाईच्या नोटेचा हा बहुधा सर्वांत साधा चाचणी-आराखडा ठरला: कागद, तिकीट आणि सही.

त्या चिकटवलेल्या नमुन्यातून २१ ऑगस्ट १८६२ रोजी छापील नोटा निघाल्या. ५ आणि २५ सेंटच्या नोटांवर जेफरसनचे ५ सेंटचे तिकीट आहे, १० आणि ५० सेंटवर वॉशिंग्टनचे १० सेंटचे. २५ सेंटच्या नोटेवर एकच तिकीट पाच वेळा, पत्ते पसरावेत तसे एकावर एक सरकवून छापले आहे. निरक्षर माणसालाही तिकिटे मोजून नोटेची किंमत कळत होती, आणि तिकिटांचे तयार ठसे हाताशी असल्यामुळे नव्याने कोरण्याचा वेळही वाचत होता. सुरुवातीच्या नोटांना तिकिटांसारखी छिद्ररेषा आहे. पुढे मागणीचा रेटा इतका वाढला की छिद्रे पाडणे सोडून कागद सरळ कापला जाऊ लागला. पुढची बाजू एका खाजगी कंपनीने आणि मागची बाजू दुसऱ्या कंपनीने छापली. मागच्या कंपनीची आद्याक्षरे काही नोटांवर आहेत आणि काहींवर नाहीत. त्यामुळे छिद्रे आहेत की नाहीत आणि आद्याक्षरे आहेत की नाहीत, अशा चार जोड्या संग्राहक वेगळ्या धरतात. त्यांना चाचणी-नमुने समजण्याची गल्लत नेहमी होते, पण त्या चलनात आलेल्या नोटांच्याच उपजाती आहेत.

दुसऱ्या मालिकेपासून, म्हणजे ऑक्टोबर १८६३ पासून, छपाईचे काम अर्थखात्याने स्वतःकडे घेतले आणि तिथले अधिकारी स्पेन्सर क्लार्क यांच्या देखरेखीखाली प्रयोगांना ऊत आला. वॉशिंग्टनच्या चेहऱ्याभोवती कांस्याच्या भुकटीचे अंडाकृती कडे छापले गेले, कारण कॅमेऱ्याच्या साहाय्याने नक्कल करणाऱ्यांना अडवायचे होते. चारही नोटा एकाच आकाराच्या होत्या आणि मागचा रंग तेवढा वेगळा होता: ५ सेंटला तपकिरी, १० ला हिरवा, २५ ला जांभळा, ५० ला लाल. कागदाच्या जाती, थर आणि तंतू, कांस्याच्या छटा आणि मागचे छोटे अक्षर-अंक यांच्या इतक्या जोड्या आजमावल्या गेल्या की त्या प्रायोगिक तुकड्यांचे वेगळे सूचीकरण आजही चालू असते. कांस्य हवेने हिरवट पडते, त्यामुळे मूळ रंग कोणता होता यावरून वाद होतात. माझ्या मते सोनेरी छटा शाबूत असलेल्या तुकड्यावरूनच रंगाबद्दल बोलावे आणि बाकीच्यांबद्दल मौन पाळावे. एवढे करूनही बनावट नोटा थांबल्या नाहीत, विशेषतः ५० सेंटच्या.

तिसऱ्या मालिकेत ५ सेंटच्या नोटेवर क्लार्क यांनी स्वतःचाच चेहरा छापला. त्याच मालिकेत २५ सेंटवर फेसेन्डन आणि ५० सेंटवर स्पिनर असे हयात अधिकारी आधीच होते, पण क्लार्क यांच्या प्रकरणाने कायदेमंडळ भडकले. ७ एप्रिल १८६६ च्या कायद्याने हयात व्यक्तीचे चित्र चलनावर छापण्यास बंदी आली. याच बंदीत १५ सेंटची नोट सापडली, जिच्यावर ग्रँट आणि शर्मन हे दोन हयात सेनापती होते. ती चलनात कधीच आली नाही आणि केवळ नमुन्यांच्या रूपात राहिली. धातूखेरीज दुसऱ्या कारणाने आराखडा थांबल्याचे हे माझ्या माहितीतले ठळक उदाहरण. गंमत अशी की १५ सेंट या मूल्याला कोणाचाच विरोध नव्हता: पुढच्या मालिकेत, १८६९ मध्ये, तेच मूल्य कोलंबिया या प्रतीकात्मक स्त्रीमुखासह रीतसर चलनात आले.

तळाच्या नोटांना मात्र धातूनेच संपवले. ३ सेंटचे निकेल मिश्रणाचे नाणे १८६५ मध्ये मंजूर झाले, १६ मे १८६६ च्या कायद्याने ५ सेंटचे निकेल नाणे आले आणि त्याच कायद्याने १० सेंटपेक्षा लहान नोटा काढण्यास मनाई झाली. चांदी अजून महाग होती म्हणून १० ते ५० सेंटच्या नोटा १८७६ पर्यंत चालल्या. निकेल स्वस्त होते म्हणून ३ आणि ५ सेंटच्या गेल्या. कायद्याची तारीख आणि धातूचा भाव शेजारी ठेवले की हे सारे सरळ उलगडते.

अमेरिकी नमुने आज इतक्या संख्येने दिसतात त्याचे कारण वेगळे आहे. १८६६-६७ मध्ये खात्याने ढालीचे चित्र छापलेल्या कागदावर ३९ नमुने चिकटवलेले फलक बँकांना आणि कचेऱ्यांना विकले, म्हणजे तपासनीसाला खरी नोट शेजारी ठेवून पाहता यावी. त्यावरचे सगळे नमुने एकाच बाजूचे आहेत: पुढची बाजू वेगळ्या तुकड्यावर, मागची वेगळ्या. काही नमुन्यांच्या कागदात दक्षिणेकडील बंडखोर राज्यसंघाच्या आद्याक्षरांचे जलचिन्ह दिसते, कारण शत्रूकडून पकडलेला कागद इथे वापरला गेला. फलकावरून सोडवलेल्या तुकड्यांच्या मागे जुना गोंद आणि कागदाचे धागे राहतात. १५ सेंटची दोन्ही बाजू छापलेली प्रत कोणी पुढे केली, तर सर्वांत आधी भिंगाखाली कडा पाहावी; पुढचा आणि मागचा तुकडा एकमेकांना चिकटवला असेल तर कडेला दोन थर दिसतात.

तिकिटाच्या ठशावरून नोट, ही युक्ती रशियाने पहिल्या महायुद्धात आणखी पुढे नेली. १९१५ मध्ये १०, १५ आणि २० कोपेकची तिकिटे जाड कागदावर छापून, मागे चांदीच्या चिल्लरीच्या बरोबरीने चालतील असे लिहून ती नाण्यांच्या जागी दिली गेली. ठसे तयारच होते. रोमानोव्ह घराण्याच्या तीनशे वर्षांनिमित्त १९१३ मध्ये निघालेल्या मालिकेतली ती चित्रे आहेत. त्याच वेळी खजिन्याच्या छोट्या नोटाही आखल्या गेल्या. त्यांतल्या १, २, ३, ५ आणि ५० कोपेकच्या नोटा चलनात आल्या, पण १०, १५ आणि २० कोपेकच्या नोटा छापूनही वाटल्या गेल्या नाहीत. मधली तीनच मूल्ये का गळली हे कोडे तिकिटांकडे पाहिले की सुटते: ती तीन मूल्ये तिकिटांनी आधीच भागवली होती. एखाद्या मालिकेत मधलीच मूल्ये नमुन्यापुरती राहिलेली दिसली तर त्याच मूल्याचे दुसरे काही त्या वेळी चालू होते का, हे शोधणे फायद्याचे ठरते.

वेढ्यातल्या नोटांचे तंत्र वेगळे असते, तिथे चाचणीला सवडच नसते. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, मॅफेकिंग गावाच्या वेढ्यात, १९०० साली तिथले ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी स्वतः रेखाटलेल्या आराखड्यावरून १० शिलिंगच्या नोटेचा ठसा क्रोके खेळाच्या लाकडी हातोड्यावर कोरला गेला, आणि पहिल्या छपाईत ‘कमांडिंग’ या शब्दातले एक अक्षर गळाले. १ पाउंडची नोट तर निळ्या छायाचित्रण पद्धतीने काढली गेली. तिथे चुकलेली प्रत हाच चाचणी-नमुना आणि तीच चलनातली नोट.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे तळाच्या चिल्लरीच्या टंचाईचे माझे आवडते उदाहरण सिलोनचे (आजच्या श्रीलंकेचे) आहे. १९४२ साली तिथे ५ सेंटची जी नोट निघाली तिच्या मधोमध छिद्ररेषा होती. फाडली की एक तुकडा २ सेंटचा आणि दुसरा ३ सेंटचा. एका छपाईत तीन मूल्ये भागवणारा इतका काटकसरी आराखडा मी दुसरा पाहिलेला नाही. अशी अर्धी नोट हातात आली तर ती फाटकी म्हणून बाजूला ठेवू नये.

भारतात दुसऱ्या महायुद्धात दोन्ही टंचाया एकदम आल्या. १९४० मध्ये रुपये दडवले जाऊ लागले, तेव्हा ऑगस्टमध्ये १ रुपयाची नोट पुन्हा आणली गेली आणि तिला कायद्याने रुपयाच्या नाण्याचाच दर्जा दिला गेला. चांदीच्या रुपयातले शुद्ध चांदीचे प्रमाणही ५० टक्क्यांवर आणले गेले. यावेळी निघालेल्या पहिल्या नोटेवर १९३५ हे साल आणि पंचम जॉर्जच्या नाण्याचे चित्र आहे, जो राजा जानेवारी १९३६ मध्येच वारला होता. म्हणजे आराखडा आधीच तयार होता आणि गरज पडल्यावर बाहेर काढला गेला. पहिल्या युद्धात नोटा इंग्लंडमध्ये छापून समुद्रमार्गे येत होत्या, तर १९२८ पासून नाशिकला छपाई सुरू झाल्याने यावेळी ती अडचण नव्हती. २ रुपये ८ आण्यांची नोट पुन्हा काढण्याचाही विचार झाला होता, पण अखेर ३ मार्च १९४३ रोजी तिच्याऐवजी २ रुपयांची नोट आली. खालच्या पातळीवर तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला, आणि बिकानेर, बुंदी, जुनागढ, मोरवी अशा संस्थानांनी पैशा-आण्यांची पुठ्ठ्याची कूपने काढली. या कूपनांचा दर्जा अगदी साधा आहे, त्यामुळे त्यांच्या नव्या नकलाही सोप्या आहेत. ‘संस्थानी कूपनाचा चाचणी-नमुना’ म्हणून काही विकायला आले तर मी आधी शंकाच घेतो.

तीच शंका जर्मनीच्या नोटगेल्डबाबत, म्हणजे टंचाईत काढलेल्या स्थानिक नोटांबाबत, घ्यावी. तिथली १९१४ नंतरची गावोगावची कागदी चिल्लर खऱ्या टंचाईतून आली, पण १९२१ च्या सुमारास निघालेल्या अनेक रंगीत मालिका थेट संग्राहकांना विकण्यासाठीच छापल्या गेल्या. तिथे पाच रंगांत मिळणारी नोट ही रंगचाचणी असण्यापेक्षा विक्रीची युक्ती असण्याची शक्यता जास्त.

आता हातातल्या तुकड्यांकडे वळू. ज्या नोटांवर शून्यांचा अनुक्रमांक आणि सहीच्या जागी भोके आहेत, त्या बहुधा चाचणी-आराखडे नाहीत; त्या स्पेसिमेन नोटा आहेत, म्हणजे आराखडा पक्का झाल्यावर बँका आणि खजिन्यांना ओळखीसाठी पाठवलेल्या प्रती. चाचणी-आराखड्यात चलनातल्या नोटेपेक्षा काहीतरी वेगळे असावे लागते: चौकटीची नक्षी, मजकुराची मांडणी, चेहरा किंवा मूल्य. आराखडा तोच आणि रंग वेगळा असेल तर ती रंगचाचणी. पक्क्या ठशावरून पातळ कागदावर किंवा पुठ्ठ्यावर काढलेली एकाच बाजूची प्रत म्हणजे प्रूफ. आणि अनुक्रमांक, सही, दोन्ही बाजू असे सगळे पूर्ण असूनही नोट कधी वाटली गेली नसेल, तर तो न वाटलेला साठा होय. रशियाच्या त्या तीन नोटा या जातीच्या. किमतीच्या दृष्टीने ही विभागणी फार महत्त्वाची आहे आणि विक्रेते ती जाणूनबुजून धूसर ठेवतात.

भिंग दहापटीचे घ्यावे. कोरीव ठशाच्या छपाईत शाई कागदावर उंचावलेली जाणवते आणि एकबाजू प्रूफला ठशाच्या कडेचा दाब दिसतो. उठावाच्या ठशाच्या छपाईत अक्षरांच्या कडेला शाई दाटते आणि मागे किंचित फुगवटा येतो. शिळाछापाची शाई सपाट बसते. रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीतून तयार झालेला दिसला तर तो जुना आराखडा नसून अलीकडची प्रतिकृती आहे असे धरून चालावे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारे रसायन आहे, जे कागदात साधारण १९५० नंतर येऊ लागले. मात्र आधुनिक संचिकेत वर्षानुवर्षे ठेवलेल्या जुन्या कागदावरही थोडी चमक चढू शकते, म्हणून केवळ दिव्यावर निकाल देऊ नये.

पेन्सिलीची टिपणे कोणत्याही परिस्थितीत खोडू नयेत. त्यांत तारीख, मंजुरीचे आद्याक्षर किंवा रंगाचा क्रमांक असतो, आणि त्या तारखेवरूनच धातूच्या भावाशी ताळा घालता येतो. ब्रिटिश शिलिंगच्या नोटेच्या नमुन्यामागे १९१७ ची तारीख असेल तर ती पूर्वतयारी होती. १९१९ च्या अखेरची असेल तर ६६ पेन्सची मर्यादा ओलांडल्याच्या काळातली ती धावपळ होती. हा फरक नोटेच्या पुढच्या बाजूवरून कधीच कळणार नाही.

विचारणाऱ्याने आता एवढे करावे: प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, समासासकट आणि समास वगळून, नोंदवावी, पुढून, मागून आणि उजेडासमोर धरून असे तीन फोटो काढावेत, म्हणजे जलचिन्ह दिसेल, टिपणे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, तुकडे ज्या क्रमाने संग्रहात लावलेले आहेत तो क्रम बदलू नये, कारण तो मूळ मालकाने किंवा छापखान्याने लावलेला असू शकतो. पीव्हीसीच्या पाकिटांतून ते काढून पॉलिएस्टरच्या पाकिटांत ठेवावेत. जुना गोंद सोडवण्याचा किंवा डाग धुण्याचा प्रयत्न घरी करू नये, आणि एकबाजू तुकड्यांची जोडी लागत असेल तरी ते तुकडे एकमेकांना चिकटवू नयेत.